आठ रोपांचा बचाव

वकीलसाहेबांनी आयुष्यातली एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यांचा बचाव करण्यात घालवली होती. गल्लीत त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. पाववाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचे ते वकीलसाहेबच. फौजदारी कोर्टात ते कायम आरोपीच्या बाजूच्या टेबलाशी बसले. सरकारी बाजूने उभं राहण्याची बोलावणी दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनी हात जोडले. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात, त्याच्या शेजारी निदान एक माणूस उभा पाहिजे. मग तो खरोखर चोर का असेना. पुढे काय ठरवायचं ते न्यायाधीश ठरवतील.

दोन वर्षांपूर्वी काळा कोट खुंटीला गेला आणि वकीलसाहेबांची पंचाईत झाली. जन्मभर भांडायची सवय. आता भांडायचं कोणाशी? शेजारच्या मांजराने दुधाचं पातेलं लवंडलं तर ते मांजराची बाजू मांडत. पातेल्यावर झाकण होतं का, मांजराला आत येताना प्रत्यक्ष कोणी पाहिलं, असले प्रश्न विचारत. त्यांची बायको ऐकून घेई आणि फरशी पुसून टाकी.

ही बायको म्हणजे ताई. कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षांपासून साहाय्यक होत्या, आणि मुलांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना ताई म्हणत. काचेची भांडी धुणं, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवरची धूळ टिपणं, मागच्या काचघरातल्या झाडांना रोज पाणी घालणं, ही त्यांची कामं. झाडांपाशी एवढी वर्षं वावरल्यावर त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. टोमॅटोच्या एखाद्या रोपावर अळी पडली, की त्याच्या शेजारच्या रोपावर ती तितकीशी रमत नाही. जणू पहिल्याने दुसऱ्याला हळूच सांगून ठेवलेलं असतं. हे त्यांनी एकदा बोलता बोलता विभागातल्या मॅडमना सांगितलं. या मॅडम वीस वर्षांपूर्वी तिथेच विद्यार्थिनी होत्या आणि पानाचा पातळ काप कसा घ्यायचा हे त्यांना ताईंनीच हात धरून शिकवलं होतं. मॅडम म्हणाल्या, “ताई, तुमची पदवी आहेच. पीएच.डी.ला नाव नोंदवा. मी मार्गदर्शक होते.” अशा रीतीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताईंनी संशोधनाला हात घातला. सहा वर्षं नोकरी सांभाळून, घर सांभाळून, एकशे सत्तर पानांचा प्रबंध पुरा केला.

एका सकाळी चहा गाळता गाळता ताई म्हणाल्या, “माझा डिफेन्स ठरला. तेवीस तारखेला.”

वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. डिफेन्स हा शब्द दोन वर्षांत त्यांच्या कानावर पडला नव्हता.

“म्हणजे नक्की काय करतात?” त्यांनी विचारलं.

“आपण केलेलं काम सगळ्यांसमोर मांडायचं. परीक्षक प्रश्न विचारतात, त्यांना उत्तरं द्यायची.”

“उलटतपासणी,” वकीलसाहेब म्हणाले. “आणि तुझ्या बाजूने कोण उभं राहणार?”

“माझ्या बाजूने मीच.”

वकीलसाहेबांना हे मुळीच पसंत पडलं नाही. स्वतःचा खटला स्वतः चालवणाऱ्याचा अशील मूर्ख असतो, असं ते कोर्टात नेहमी म्हणत. तेवीस तारखेला अजून तीन आठवडे होते. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की बायकोची तयारी आपण करून घ्यायची.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाचं कोर्ट झालं. ताईंना कॉलेजात साडेनऊला पोचायचं असे. त्याआधी आठ ते नऊ वकीलसाहेब प्रबंधाची एक प्रत, एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला निळी असलेली पेन्सिल आणि थर्मास घेऊन समोर बसत. विषय त्यांना नवा होता, पण अवघड कागद वाचायची त्यांना सवय होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी प्रबंध दोनदा वाचून काढला. दुसऱ्या वाचनात तर अळीच्या तोंडातल्या लाळेचं वर्णन वाचून त्यांना आपल्या एका जुन्या अशिलाची आठवण झाली आणि ते एकटेच हसले.

त्यांनी ताईंना नियम घालून दिले. विचारलं असेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. “मला वाटतं” हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. प्रश्न कळला नाही तर कळल्यासारखं दाखवायचं नाही, पुन्हा विचारायला लावायचं. तेवढाच विचाराला वेळ मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जिथे आपली बाजू लंगडी आहे तिथे समोरचा जोपर्यंत बोट ठेवत नाही, तोपर्यंत आपण मूग गिळून बसायचं.

ताई शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ऐकून घेत आणि उत्तर द्यायची वेळ आली की नेमकं उलटं करत. वकीलसाहेबांनी परीक्षकाचा आवाज काढून विचारलं, “हा इशारा वासावाटे जातो असं आपलं म्हणणं आहे. मग त्या वासात नेमका कोणता पदार्थ असतो?”

“माहीत नाही,” ताई म्हणाल्या. “तेवढी यंत्रं आमच्याकडे नाहीत.”

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. अगं, असं सरळ माहीत नाही म्हणून सांगतात का? तो भाग माझ्या संशोधनाच्या कक्षेत येत नाही, असं म्हणावं. ताई म्हणाल्या, कक्षेत येतो की. वकीलसाहेब म्हणाले, मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. आमच्या धंद्यातही खोटं बोलायचं नसतं, गप्प बसायचं असतं. दोन्हींत फार फरक आहे. ताईंनी हे ऐकलं, त्यांचा कप उचलला, स्वतःचा उचलला, आणि धुवायला आत गेल्या.

तरी दोघांनाही ही सकाळची वेळ आवडू लागली होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. पण वकीलसाहेब सकाळी फायलींत आणि संध्याकाळी अशिलांत असत, आणि ताईंचं काम म्हणजे कॉलेजात काहीतरी झाडांचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आता ती झाडं त्यांना कळू लागली. पान चावलं गेल्यावर रोप आपल्या सगळ्या पानांत कडवटपणा भरतं, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी विचारलं, रोपाला कळतं तरी कसं, की चावणारी अळी आहे आणि माळ्याची कात्री नव्हे? ताईंचा चेहरा उजळला. अर्धा तास त्या बोलत राहिल्या आणि त्या दिवशी त्यांची बस चुकली.

लेक दुसऱ्या शहरात एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवत असे. स्वतः ती दहा वर्षं बचावफळीत खेळली होती. रविवारी तिचा फोन आला तेव्हा वकीलसाहेबांनी तिला तयारीचा सगळा अहवाल दिला. लेक हसत म्हणाली, “बाबा, तुम्ही आईला फक्त उत्तरं पाठ करून घेताय. त्याने काही होत नाही. मी मुलींना सांगते, चेंडूकडे बघत बसू नका. आपल्या मागे मोकळी जागा कुठे पडलीय ते बघा. समोरचा तिथूनच येतो.”

हे वकीलसाहेबांना एकदम पटलं. आपण इतके दिवस बायकोचे वकील म्हणून वाचत होतो, ही चूक झाली. विरुद्ध पक्षाचा वकील म्हणून वाचायला हवं होतं. सोमवारी ताई कॉलेजात गेल्यावर त्यांनी निळं टोक बाजूला ठेवलं, लाल टोक पुढे केलं, आणि प्रबंध तिसऱ्यांदा पहिल्या पानापासून उघडला.

दुपारी दोनला त्यांना मोकळी जागा सापडली.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर लिहिलं होतं, की चावलेल्या रोपांच्या शेजारी साठ रोपं लावली, आणि न चावलेल्या रोपांच्या शेजारी दुसरी साठ. पुढे एकशे बाराव्या पानावर तक्ता होता. दुसऱ्या गटात साठांपैकी एकेचाळीस रोपं अळ्यांनी फस्त केली. पहिल्या गटात फस्त झालेली फक्त एकोणीस. पण पहिल्या गटाच्या रकान्यात, बारीक अक्षरात, एकूण रोपं साठ नव्हती. बावन्न होती.

वकीलसाहेबांनी पुढचीमागची पानं उलटसुलट चाळली. आठ रोपांचा कुठेच पत्ता नव्हता. सरकारी वकिलाच्या हाती असलं काही लागलं असतं तर त्याने पेढे वाटले असते. कोणीही म्हणेल, की आपल्या विरुद्ध जाणारी आठ रोपं बाईंनी गुपचूप काढून टाकली.

संध्याकाळी ताई घरी आल्या, पिशवी ठेवली, आणि वकीलसाहेबांनी विचारलं, “आठ रोपं कुठे गेली?”

ताई खुर्ची ओढून बसल्या.

“वाळली,” त्या म्हणाल्या.

“कशाने?”

“पाणी मिळालं नाही.”

“मग ते लिहिलं का नाहीस?”

भाजी चिरायची राहिलीय म्हणून त्या उठल्या. वकीलसाहेबांना माणसाचा चेहरा वाचता येत असे. इथे अजून काहीतरी आहे, हे त्यांना दिसलं. पण कोर्टात ज्या ठिकाणी ते घाव घालत, तिथे घरी त्यांचा हात उठेना. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, की तक्त्यातला हा आकडा बारीक आहे, परीक्षकांच्या नजरेतून सुटेल. न विचारता आपण बोलायचं नाही. मॅडमच्याही लक्षात आलेलं नाही, मग बाहेरच्या माणसाच्या कशाला येईल? ताई मान खाली घालून चिरत राहिल्या.

त्यानंतरच्या सकाळी टेबलावर बाकी सगळे प्रश्न झाले, तो एक सोडून.

तेवीस तारखेला वकीलसाहेबांनी चांगला सदरा घातला, बूट पुसले, आणि ताईंच्या आधी दाराशी जाऊन उभे राहिले. पहिल्या मजल्यावरच्या लांबट खोलीत पडदा लावला होता आणि खुर्च्यांच्या पाच ओळी होत्या. निम्म्या खुर्च्यांवर विद्यार्थी होते. भांडी धुणाऱ्या दोन बायकाही कामातून तासभराची सुट्टी काढून येऊन बसल्या होत्या, कारण त्यांच्यातलीच एक आज डॉक्टर होणार होती. पुढच्या टेबलाशी विभागप्रमुख अध्यक्ष म्हणून बसले होते, शेजारी मॅडम, आणि त्यांच्या पलीकडे बाहेरून आलेले परीक्षक. हे परीक्षक पातळ, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. वकीलसाहेब शेवटच्या ओळीत बसले. एवढ्या वर्षांत कोणत्याही कज्ज्यात ते इतक्या मागे बसले नव्हते. हातांचं काय करावं ते त्यांना समजेना.

ताई सुरुवातीला अडखळल्या. पण पडद्यावर रोपांचं पहिलं चित्र आलं आणि त्यांचा आवाज स्थिरावला. त्या टोमॅटोविषयी अशा बोलत होत्या, जशी शेजारीण शेजारणीविषयी बोलते. कोण कोणाला काय सांगतं, कोण आधी सावध होतं. विद्यार्थी हसले. परीक्षकही हसले. मग त्यांनी चष्मा नाकावर चढवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. इशारा हवेतून जातो कशावरून, मातीतून का नाही? ताई म्हणाल्या, कुंड्या वेगळ्या होत्या, आणि मध्ये काच उभी केली तेव्हा इशारा पोचला नाही. वासात नेमका कोणता पदार्थ? ताई म्हणाल्या, “माहीत नाही.” वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. उघडून पाहतात तर परीक्षक मान डोलावत वहीत काहीतरी लिहीत होते.

तासाभराने परीक्षकांनी वही मिटली. बावन्नचा विषय निघाला नव्हता. वकीलसाहेबांचा जीव भांड्यात पडला. अध्यक्षांनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, उमेदवाराला आणखी काही सांगायचं आहे का?

“हो,” ताई म्हणाल्या.

वकीलसाहेब खुर्चीत पुढे सरकले. ताईंनी पिशवीतून एक जाड वही काढली. पाण्याच्या डागांनी तिची पानं फुगली होती.

“एकशे बाराव्या पानावर पहिल्या गटात बावन्न रोपं आहेत,” ताई म्हणाल्या. “लावली होती साठ. आठ रोपं वाळली, आणि ते मी लिहिलेलं नाही. ही माझी काचघरातली रोजची वही. यात आहे.”

मॅडमनी घाईघाईने पान उघडलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. परीक्षकांनी वही घेतली. ती रोपं कधी वाळली, असं त्यांनी विचारलं. ताईंनी सांगितलं, की ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अळ्या सोडल्या सतरा तारखेला. रोपं त्याआधीच गेली होती. नऊ तारखेला सकाळचं पाणी घातलं. दहा, अकरा, बारा, तेरा, ही चार पानं कोरी. चौदाला सकाळी पाहिलं तेव्हा पंख्याच्या तोंडची आठ रोपं माना टाकून पडली होती. बाकीची जगली.

“ही चार पानं कोरी का?” परीक्षकांनी विचारलं.

“मी आले नव्हते.”

“कोणाला सांगून गेला होतात?”

“नाही. सुचलंच नाही.”

“कारण?”

“घरी थोडी अडचण होती,” ताई म्हणाल्या. “आणि प्रबंधात लिहिलं नाही, कारण लाज वाटली. एकतीस वर्षांत झाडांचं पाणी कधी चुकलं नव्हतं.”

परीक्षकांनी चष्मा काढला. ते काही कठोर माणूस नव्हते. पण ते म्हणाले, की आठ रोपांहूनही त्यांना चार दिवसांची काळजी वाटते. प्रयोग चालू असताना कोणालाही न सांगता चार दिवस निघून जाणं, याला बेफिकिरी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

शेवटच्या ओळीत वकीलसाहेबांची बोटं गुडघ्यावर मोजत होती. नऊ. दहा. अकरा. चार वर्षांपूर्वीची ती नऊ तारीख. दुपारी साडेतीनला कोर्टाच्या पायऱ्या उतरताना त्यांच्या छातीत कळ आली होती आणि हातातल्या फायली पायऱ्यांवरून घरंगळत गेल्या होत्या. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रियेसाठी त्यांची छाती उघडली. तेरा तारखेला ते धड शुद्धीवर आले, तेव्हा त्यांनी आधी न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली का ते विचारलं होतं. मग तुझ्या कॉलेजात सगळं ठीक ना, असंही विचारलं होतं. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या ताई, ठीक आहे, असं म्हणाल्या होत्या.

वकीलसाहेब उभे राहिले. ते कधी उभे राहिले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“अध्यक्षमहाराज,” ते म्हणाले, “याचं उत्तर मी देऊ शकतो.”

सगळ्या माना मागे वळल्या. ताईंनी डोळ्यांनीच खाली बसा म्हणून सांगितलं. अध्यक्षांनी आपण कोण, असं विचारलं, आणि वकीलसाहेबांनी सांगितलं, की ते उमेदवाराचे पती आहेत. अध्यक्ष जरा अवघडले. श्रोत्यांना इथे प्रश्न विचारता येतो, असं ते म्हणाले. उमेदवाराच्या वतीने उत्तर मात्र देता येत नाही.

कोर्टात एक दार बंद झालं की दुसरं शोधायचं, हे वकीलसाहेबांच्या हाडात मुरलं होतं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “मग माझा एक प्रश्न आहे. उमेदवारांना.”

ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न साक्षीदाराला कधी विचारू नये, हा त्यांनी जन्मभर पाळलेला नियम. हे उत्तर त्यांना आता ठाऊक होतं.

“दहा ते तेरा या चार दिवसांत आपण कुठे होतात?”

ताईंनी टेबलाची कड धरली. त्या एकदा परीक्षकांकडे बघत होत्या, एकदा शेवटच्या ओळीकडे.

“दवाखान्यात,” त्या म्हणाल्या.

“तिथे काय करत होतात?”

“काही नाही. तुमच्या उशाशी बसले होते.”

“का?”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं, सांगता येत नाही म्हणून.”

“एवढंच विचारायचं होतं,” असं म्हणून वकीलसाहेब खाली बसले. शेजारच्या विद्यार्थिनीने त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली. ती त्यांनी उगाच दोन्ही हातांनी घेतली. पुढच्या ओळीतल्या भांडीवाल्या बायकांपैकी एक नाक ओढत होती. परीक्षकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग ते ताईंना म्हणाले, की बेफिकिरी हा आपला शब्द ते मागे घेतात. पण नोंद न करण्याबद्दल जे म्हणायचं आहे ते म्हणावंच लागेल. ताई म्हणाल्या, “म्हणा. बरोबरच आहे.”

निर्णयासाठी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसली. विद्यार्थी जरा लांबच घोळका करून उभे राहिले, उगाच खिडकीतून बाहेर बघत.

“मला सांगायचं होतंस,” वकीलसाहेब म्हणाले. “तेव्हा नाही, तर निदान परवा विचारलं तेव्हा.”

“सांगितलं असतं तर तुम्ही स्वतःवरच खटला भरला असता,” ताई म्हणाल्या. “आणि स्वतःची बाजू तुम्हाला कधी मांडता येत नाही.”

“तुझं वर्षभराचं काम माझ्यामुळे गेलं असतं.”

“आठ रोपं गेली. काम कुठे गेलं?” मग त्या म्हणाल्या, “तुम्ही एवढं शिकवलंत, न विचारता बोलू नये म्हणून. राग आला का?”

वकीलसाहेबांनी खरोखर विचार केला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे अशील त्यांनी पुष्कळ पाहिले होते, आणि दर वेळी ते चिडले होते. आज चिडायला मन तयार नव्हतं. वही बाहेर निघाली तेव्हा त्यांच्या छातीत धस्स झालं होतं, हे खरं. पण त्या धसक्याच्या मागोमाग त्यांना जे वाटलं, त्याला अभिमानाखेरीज दुसरा शब्द सापडेना. ते तोंडाने म्हणाले, “माझी अशील असतीस तर वकीलपत्र सोडलं असतं.”

“आणि आता?”

“आता काय. चौतीस वर्षं झाली. आता कुठे जाऊ?”

ताई हसल्या आणि पदराने कपाळ टिपलं.

पंचवीस मिनिटांनी मॅडम दार उघडून बाहेर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून वकीलसाहेब घाबरले. पण त्या ताईंच्या गळ्यात पडल्या. पदवीची शिफारस झाली होती, एका अटीवर. आठ रोपांची हकीकत एका परिच्छेदात लिहायची. आणि ती आठही अळ्यांनी खाल्ली असती असं धरून तक्ता पुन्हा मांडायचा, म्हणजे आपल्या विरुद्ध जास्तीत जास्त जे धरता येईल ते धरून. मॅडमनी आतच कागदावर हिशोब करून पाहिला होता. साठांपैकी सत्तावीस, आणि पलीकडे साठांपैकी एकेचाळीस. फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही. परीक्षक जाता जाता ताईंसमोर थांबले आणि म्हणाले, की आता त्यांना या प्रबंधावर सकाळपेक्षा जास्त भरवसा वाटतो. मग वकीलसाहेबांकडे वळून त्यांनी विचारलं, की आपल्याच बायकोची अशी तपासणी कोर्टात चालू देतात का. “नाही,” वकीलसाहेब म्हणाले, “समोरचा लगेच हरकत घेतो.” परीक्षक म्हणाले, “मी घेणार होतो,” आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परिच्छेद लिहायला दोघं टेबलाशी बसली. वकीलसाहेबांनी आधीच एक मसुदा करून ठेवला होता. तो अडीच पानं झाला होता आणि त्यात “अपरिहार्य कारणास्तव” चार वेळा आलं होतं. ताईंनी तो शेवटपर्यंत वाचला, छान आहे म्हणाल्या, आणि कोऱ्या कागदावर पेन्सिलीने स्वतः चार ओळी लिहिल्या. पहिल्या गटातली आठ रोपं चार दिवस पाणी न मिळाल्याने अळ्या सोडण्याआधी वाळली. या काळात संशोधिका घरच्या आजारपणामुळे काचघरात नव्हती. दुसऱ्या कोणावर काम सोपवलं नव्हतं. चूक तिची आहे.

वकीलसाहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती काढ म्हणाले. वस्तुस्थिती सांगून झाली, मग कबुली कशाला? अशा प्रसंगी कोणीही तेच केलं असतं, त्याला चूक म्हणत नाहीत. ताई म्हणाल्या, बसण्यात चूक नव्हती, पण जाता जाता मॅडमना एक फोन करता आला असता. रोपांनी काय करायचं? त्यांना थोडंच कळणार, तुमचं काय चाललंय ते? यावर वकीलसाहेबांनी तीन मुद्दे मांडले. ताईंनी तिन्ही ऐकून घेतले. चहा निवला, पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. अर्ध्या तासाने ताईंनी पेन्सिल उलटी धरून, खोडरबराचं टोक पुढे करून, त्यांच्या हातात दिली.

“एवढी खटकत असेल तर तुम्हीच खोडा,” त्या म्हणाल्या. “मी काही म्हणणार नाही.”

वकीलसाहेबांनी पेन्सिल कागदावर टेकवली. ती चार ओळींची कबुली त्यांनी पुन्हा वाचली. इतक्या वर्षांत इतका साधा जबाब त्यांच्या हातात आला नव्हता. त्यात लपवलेलं काही नव्हतं, आणि म्हणून बचाव करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. फक्त “घरच्या आजारपणामुळे” या शब्दांपाशी ते थांबले. त्यांनी “घरच्या” खोडलं आणि आपल्या गिचमिड अक्षरात “पतीच्या” असं लिहिलं.

ताईंनी कागद ओढून घेतला, पाहिला, आणि तसाच राहू दिला. मग दोघांनी मिळून नव्या तक्त्यातल्या बेरजा तपासल्या. एक बेरीज वकीलसाहेबांची चुकली होती. ताईंनी ती दुरुस्त केली, कागद फायलीत घातले, आणि नऊची बस धरायला निघाल्या.